व्हेसुव्हियसचा शेजार

आमच्या घरी आजीची एक पोवळ्यांची माळ होती. दर चार-पाच वर्षांनी ती गाठवायला पटवेकऱ्याकडे जायची. तो एखादा मणी चिमटीत धरून उजेडासमोर फिरवायचा आणि ठरलेले वाक्य म्हणायचा, "हे इटलीचं पोवळं, आता असं मिळायचं नाही." बेळगावातल्या बोळात बसलेल्या त्या माणसाने इटली नकाशातदेखील पाहिली नसेल; पण धंद्यातली ही खूण त्याच्याकडे बापाकडून आली होती. इटलीचे पोवळे म्हणजे नेमके कुठले, याचा शोध मी फार उशिरा, निवृत्तीनंतर घेतला. तो एका गावाशी येऊन थांबला. गावाचे नाव तोर्रे देल ग्रेको. नेपल्सच्या आखातावर, एका अंगाला समुद्र आणि दुसऱ्या अंगाला व्हेसुव्हियस. ज्वालामुखीचे मुख तेथून सरळ रेषेत जेमतेम सातेक किलोमीटरवर.

आजीच्या माळेतले मणी त्याच गावचे होते असे छातीठोकपणे म्हणता येणार नाही. व्यापाराचा रस्ता मात्र खरा आहे. अठराव्या शतकात लिव्होर्नो बंदरातले ज्यू व्यापारी भूमध्य समुद्रातले पोवळे लिस्बनमार्गे गोव्याला पाठवीत आणि त्याच्या बदल्यात हिरे मागवीत. गोव्यात त्यांचा व्यवहार पाहणारे सारस्वत व्यापारी होते. दोन्ही बाजूंनी एकमेकांचे तोंड पाहिलेले नसताना पोर्तुगीज भाषेतल्या पत्रांवर हा विश्वास पिढ्यान्‌पिढ्या चालला. लिव्होर्नोच्या कारागिरांकडे कच्चे पोवळे आणणाऱ्यांत तोर्रेच्या होड्या होत्या. पुढे एकोणिसाव्या शतकात खुद्द तोर्रेतच पोवळे घडवण्याचे कारखाने निघाले आणि तिथला माल थेट कोलकात्याच्या बाजारात येऊ लागला.

पोवळ्यासाठी मी त्या गावाचा इतिहास उघडला आणि पोवळे बाजूलाच राहिले. डोळ्यांसमोर आले ते हे, की या गावावरून शिलारस एकदा नव्हे, अनेकदा वाहून गेला आहे आणि प्रत्येक वेळी गाव त्याच जागी, थंड झालेल्या शिलारसावरच पुन्हा उभे राहिले आहे. गावाच्या बोधवाक्याचा अर्थच असा, की मरणानंतर मी पुन्हा उठतो. नेपल्सकडे एक जुनी म्हणही आहे : पापे करावीत नेपल्सने आणि फेडावीत तोर्रेने.

हे लोक वेडे होते का? हट्टी होते का? की जे आपल्याला दुरून दिसत नाही ते त्यांना जवळून दिसत होते? आजचे व्याख्यान एवढ्याच प्रश्नाभोवती आहे.

इसवी सन ७९ मधला उद्रेक आणि पॉम्पेईची कथा आपणा सर्वांना शाळेपासून ठाऊक आहे, म्हणून मी त्यात फार रेंगाळत नाही. त्यातली एकच गोष्ट सांगायची आहे. पॉम्पेईच्या लोकांच्या लेखी व्हेसुव्हियस हा ज्वालामुखी नव्हताच. तो द्राक्षमळ्यांचा, रानडुकरांचा डोंगर होता. इ. स. पूर्व ७३ मध्ये स्पार्टाकस आणि त्याचे बंडखोर गुलाम याच डोंगरावर लपले आणि रानवेलींचे दोर वळून कड्यावरून खाली उतरले. स्ट्रेबो या भूगोलकाराने माथ्यावरचे भाजल्यासारखे दगड पाहून येथे कधीकाळी आग असावी असा तर्क केला होता. पण तो विद्वानाचा तर्क, गावकऱ्याची आठवण नव्हे. ७९ च्या सतरा वर्षे आधी मोठा भूकंप झाला. घरे पडली, लोकांनी ती बांधायला घेतली आणि त्यांतल्या काहींची डागडुजी चालू असतानाच राख आली. मधल्या काळात कोणी भूकंपाचा डोंगराशी संबंध जोडला नाही. जोडणार कसा? डोंगर पेटलेला पाहणारा माणूस कित्येक पिढ्यांत जन्मला नव्हता.

हेच चित्र दीड हजार वर्षांनी पुन्हा उमटले, आणि या वेळी ते लिहून ठेवणारे बरेच लोक हजर होते.

बाराव्या शतकातल्या उद्रेकानंतर व्हेसुव्हियस जवळजवळ पाच शतके निपचित पडला. या काळात उतारांवर वाड्या वसल्या, मळे चढत चढत वर गेले. सतराव्या शतकाच्या आरंभी ब्राचिनी नावाचा एक धर्मगुरू माथ्यावर जाऊन आला होता. मुखाच्या आत झाडी माजलेली आणि गुरे चरत असलेली त्याने नोंदवली आहेत. ज्वालामुखीच्या तोंडात गुराखी! १६३१ च्या डिसेंबरात जमीन हादरू लागली, विहिरींचे पाणी गढूळ झाले, काही आटल्या. १६ डिसेंबरच्या सकाळी डोंगराच्या कुशीतून धुराचा खांब उठला. दिवसभर राख पडत राहिली आणि हजारो माणसे नेपल्सच्या वाटेला लागली. बरेच जण मात्र थांबले. कोणाला गुरे सोडवेनात, कोणी घराला कुलूप घालायला परतले, कोणी देवळात बसले. दुसऱ्या दिवशी सकाळी तापलेली राख, वायू आणि दगड यांचे लोट उतारावरून सुटले आणि थेट समुद्रापर्यंत पोहोचले. या लोटांपुढे पळण्याला अर्थ नसतो. घोड्यावर बसलेला माणूसही मागे पडतो. किमान तीन हजार माणसे गेली. वर पाऊस झाला आणि उरल्या गावांवर चिखलाचे पूर आले.

नेपल्स तेव्हा स्पेनच्या ताब्यात होते. तिथल्या व्हाइसरॉयने पुढच्याच वर्षी, १६३२ मध्ये, पोर्तिची गावात रस्त्याच्या कडेला एक शिलालेख उभारला. मला हा शिलालेख जगातल्या थोर शिलालेखांपैकी एक वाटतो. आपल्याकडचे शिलालेख दान सांगतात, जय सांगतात, आणि दान मोडणाऱ्याला शाप देतात. गोव्याच्या आणि कोकणाच्या गधेगाळी आपल्याला परिचित आहेत. पोर्तिचीचा दगड यांतले काही करत नाही. तो फक्त पुढच्या पिढ्यांना हाक मारतो. त्याच्या म्हणण्याचा भावार्थ असा : वंशजांनो, ही तुमचीच गोष्ट आहे. हा डोंगर अनेकदा पेटला आहे आणि दर वेळी त्याने घुटमळणाऱ्यांचा घात केला आहे. तो आधी हादरतो, गुरगुरतो, धुमसतो, मग फुटतो. तेव्हा शहाणा असशील तर या ओरडणाऱ्या दगडाचे ऐक. घराकडे पाहू नकोस, बोचक्याकडे पाहू नकोस, क्षणाचाही विलंब न करता पळ.

घुटमळणारे हा शब्द त्या दगडावरचा नेमका शब्द आहे. दगडाच्या मते माणसे डोंगराने मारली नाहीत, घुटमळण्याने मारली.

दगड लॅटिनमध्ये आहे, आणि इथे माझी तक्रार आहे. मेलेले लोक शेतकरी, कोळी, बायका आणि मुले होती. त्यांच्यातल्या कोणाला लॅटिन येत होते? इशारा विद्वानांच्या भाषेत कोरला गेला आणि ज्यांना तो वाचता येत होता त्यांनीच तो आधी विसरला. १७३८ मध्ये, म्हणजे दगड उभारल्याला १०६ वर्षे झाली असताना, नेपल्सचा राजा चार्ल्स बुर्बाँ याने नेमके पोर्तिचीतच आपला नवा राजवाडा बांधायला घेतला. ज्वालामुखी जवळ आहे असे कोणी म्हणाले तेव्हा देव, माता मेरी आणि संत जेनारो काळजी घेतील असे तो उत्तरला, असे सांगतात. राजा आला तसे सरदार आले, त्यांचे बंगले, बागा, मागोमाग माळी, आचारी, वाणी. १८३९ मध्ये इटलीतली पहिली आगगाडी धावली ती नेपल्सहून पोर्तिचीलाच. आज ते गाव साडेचार चौरस किलोमीटरमध्ये पन्नास हजारांहून जास्त माणसे घेऊन बसले आहे.

दगड न वाचणाऱ्यांनी आपली आठवण निराळ्या ठिकाणी ठेवली. नेपल्सचे ग्रामदैवतच म्हणावे असे संत जेनारो. त्यांचे म्हणून जपलेले वाळलेले रक्त वर्षातून तीन वेळा कुपीत पातळ होते अशी तिथली श्रद्धा आहे, आणि त्यासाठी कॅथीड्रलमध्ये गर्दी लोटते. एक दिवस मे महिन्यातला, एक १९ सप्टेंबरचा, आणि तिसरा १६ डिसेंबरचा. हा तिसरा दिवस १६३१ च्या उद्रेकाचा. त्या दिवशी संतांचे अवशेष मिरवणुकीने डोंगराच्या दिशेला नेले होते आणि नेपल्स वाचले होते. चमत्कारावर विश्वास ठेवा की ठेवू नका. इतिहासाच्या विद्यार्थ्याला यात तारखेची नोंद दिसते. बखर जळते, कागद कुजतो, सण टिकतो. १७६७ च्या उद्रेकानंतर नेपल्सच्या एका पुलावर याच संतांचा पुतळा बसवला गेला. त्यांचा हात व्हेसुव्हियसकडे उगारलेला आहे, दारात आलेल्या मस्तवाल बैलाला थोपवावे तसा.

१६३१ नंतर व्हेसुव्हियसची वागणूकच बदलली. त्याचे तोंड उघडे राहिले. १९४४ पर्यंतच्या सुमारे तीनशे वर्षांत तो फार वेळ गप्प बसला नाही. धुमसायचा, कधी मुखात लाल दिसायचे, दहा-वीस वर्षांनी एखादा मोठा शिलारस उतरायचा. प्रत्येक पिढीने त्याला निदान एकदा तरी पेटलेला पाहिला. शिलारसाचा वेग बहुधा माणसाच्या चालीहून कमी असतो. तो घर गिळतो, शेत गिळतो. पण पाय असलेल्याला सहसा गिळत नाही.

या काळातली तोर्रेची कथा ऐका. १६९९ मध्ये तोर्रे आणि शेजारच्या गावांनी मिळून एक अजब सौदा केला होता. ही गावे एका जहागीरदाराच्या मालकीची होती. लोकांनी पैसा उभा केला, जहागीर विकत घेतली आणि आपणच आपले मालक झाले. आपल्याकडे वतन राजाकडून मिळते आणि सनद जपून ठेवायची असते. यांनी आपले वतन रोख मोजून सोडवले.

१७९४ च्या १५ जूनच्या रात्री डोंगराच्या नैर्ऋत्य अंगाला भेगा पडल्या आणि शिलारस तोर्रेकडे वळला. सुमारे सहा तासांत तो गावाच्या मधोमध शिरून समुद्रात उतरला. पंधरा हजारांवर वस्तीचे गाव, त्याचा बहुतेक भाग दगडाखाली गेला. सांता क्रोचे चर्चचा घंटामनोरा अर्ध्यापर्यंत शिलारसात बुडाला. वरचा अर्धा अजून उभा आहे. रस्त्याच्या पातळीवर त्याची मधली खिडकी दिसते. आणि माणसे? गावात दगावली ती अगदी मोजकी. १६३१ शी ताडून पाहा. त्या वेळचे लोट वेगळे आणि १७९४ चा शिलारस वेगळा, हे मान्य. निसर्गाने या वेळी दया केली, हेही मान्य. तरीही अर्ध्या रात्री पंधरा हजार माणसे मुलाबाळांसह नीट बाहेर पडतात, याचे सगळे श्रेय मी निसर्गाला देणार नाही. ती घुटमळली नाहीत. कोणता आवाज कशाचा, कोणत्या वाटेने निघायचे, किती वेळ हाताशी आहे, हे घरातल्या म्हातारीला माहीत होते.

नेपल्स दरबारातले इंग्रज वकील सर विल्यम हॅमिल्टन यांनी हे सारे जवळून पाहिले. तीस-एक वर्षे व्हेसुव्हियस हा त्यांचा छंद होता. रॉयल सोसायटीला ते पत्रे लिहीत. राजाने दुसरी सुरक्षित जागा देऊ केली असतानाही तोर्रेचे लोक हट्टाने त्याच जागी परतले, याचे त्यांना नवल वाटले. मला मात्र वाटत नाही. जहागीरदाराकडून पैसे मोजून सोडवलेली भूमी राजाने दिलेल्या भूमीशी कोण बदलेल? शिवाय गावचे भांडवल गावात नव्हतेच. तोर्रेच्या शेकडो माणसांचा पोटापाण्याचा धंदा सार्डिनिया, कॉर्सिका आणि आफ्रिकेच्या किनाऱ्यावर चाले. लाकडी फुलीला जाळी बांधून समुद्रतळावरून ओढायची आणि पोवळे तोडून आणायचे, असे ते जीवघेणे काम. १७९० मध्ये, म्हणजे या उद्रेकाच्या चारच वर्षे आधी, राजाने पोवळ्याच्या मासेमारीसाठी कायदाच केला होता. जून म्हणजे या हंगामाचा भर. शिलारसाने घरे गिळली, होड्या नव्हेत. बंदर आहे तिथे होडी परतते आणि होडी परतते तिथे घर पुन्हा बांधले जाते. व्हिन्चेन्झो रोमानो या तिथल्या धर्मगुरूने पुढची वर्षे मलब्यावर चर्च उभारण्यात घालवली. २०१८ मध्ये त्याला संतपद मिळाले. १८०५ मध्ये मार्सेयहून आलेल्या मार्तँ नावाच्या उद्योजकाने राजाच्या परवान्याने तिथे पोवळे घडवण्याचा पहिला कारखाना काढला, तो या नव्या, काळ्या दगडावरच्या गावात.

काळ्या दगडाचा विषय निघाला म्हणून थोडे विषयांतर करतो. आपणही ज्वालामुखीचेच खातो. माळव्याची काळी माती, बेळगावच्या उत्तरेचा काळा पाषाण, सह्याद्रीचे पायऱ्यापायऱ्यांचे कडे, हे सारे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या शिलारसाचे थर. आपली आग विझलेली, म्हणून आपण निर्धास्त नांगर घालतो. व्हेसुव्हियसच्या शेतकऱ्याची माती तशीच कसदार. टोमॅटो, जर्दाळू, द्राक्षे यांना तिची चव लागते. फरक एवढाच, की त्याची भट्टी अजून विझलेली नाही.

पुढचा भाग भरभर सांगतो. १८४१ मध्ये दुसऱ्या फर्डिनंडने व्हेसुव्हियसच्या अंगावर वेधशाळा स्थापन केली. ज्वालामुखीचा अभ्यास करणारी ती जगातली पहिली संस्था. १८७२ मध्ये उद्रेक बघायला गेलेले हौशी तरुण शिलारसात सापडून मेले. वेधशाळेचे संचालक पाल्मिएरी मात्र चहूकडून वेढले गेलेले असतानाही आपल्या भूकंपमापकापाशी बसून राहिले. १९०६ मध्ये राखेच्या भाराने सान जुझेप्पे गावच्या चर्चचे छत कोसळले आणि आत आसऱ्याला बसलेली शंभराहून अधिक माणसे गेली. तिथे राखेचा धोका शिलारसाइतका ओळखीचा नव्हता.

शेवटचा उद्रेक मार्च १९४४ चा. महायुद्ध चालू होते. बेळगावकरांना त्या वर्षीची इटली परकी नाही. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे यशवंत घाडगे त्याच जुलैत इटलीत धारातीर्थी पडले आणि व्हिक्टोरिया क्रॉसचे मानकरी झाले. व्हेसुव्हियसच्या पायथ्याशी अमेरिकन विमानदलाचा तळ होता. शत्रूला जमले नाही ते डोंगराने केले : ऐंशीच्या आसपास बाँबफेकी विमाने तापलेल्या राखेने निकामी झाली. सान सेबास्तियानो गाव शिलारसाखाली गेले. तो इतका सावकाश आला, की लोकांनी खाटा, कपाटे, दारेखिडक्यासुद्धा काढून नेल्या. मृतांची संख्या तीसच्या आत राहिली.

आणि मग डोंगर गप्प झाला. मुख बंद झाले. धूरही नाही.

या शांततेचा अर्थ मला नीट लावायचा आहे, कारण सगळ्या इतिहासाचा रोख मला तिथेच वळताना दिसतो. ७९ पूर्वी डोंगर गप्प होता. १६३१ पूर्वी डोंगर गप्प होता. ज्या तीनशे वर्षांत तो सारखा धुमसत होता, त्या काळात घरे अनेकदा बुडाली. पण एवढी माणसे एकदम कधी गेली नाहीत. शेजारी रोज भांडत असला, की त्याचा स्वभाव कळतो. १९४४ ला जे मूल दहा वर्षांचे होते ते आज नव्वदी ओलांडून गेले. पेटलेला डोंगर डोळ्यांनी पाहिलेली माणसे आता बोटांवर मोजावी इतकीच. याच ऐंशी वर्षांत उतारांवर सगळ्यात जास्त घरे उठली, बरीचशी परवान्याशिवाय. सरकारने आखलेल्या लाल पट्ट्यात २५ नगरपालिकांमधली सुमारे सात लाख माणसे आहेत. २००० नंतरच्या दशकात तिथल्या प्रादेशिक सरकारने पट्टा सोडून जाणाऱ्या कुटुंबाला ३०,००० युरोपर्यंत मदत देऊ केली. फारच थोड्यांनी ती घेतली.

सध्याची योजना अशी : वेधशाळेने इशारा दिला की ७२ तासांत पट्टा रिकामा करायचा. जमीन फुगणे, धक्के वाढणे, वायूंचे प्रमाण बदलणे यांची नोंद चोवीस तास होते, तेव्हा इशारा मिळेल अशी आशा धरायला जागा आहे. योजनेतला एक भाग मी दोनदा वाचला. प्रत्येक गावाची जोडी इटलीच्या एकेका प्रांताशी लावलेली आहे. वेळ आली की हे गाव त्या प्रांतात, ते गाव या प्रांतात. म्हणजे गाव विखुरणार नाही, सगळे एकाच मुलखात राहील. योजना आखणाऱ्याला माणसाचे मन कळते हे यावरून दिसते.

आपल्यासारख्यांनी यावर बोलावे, असा थोडा अधिकार आपल्याला आहे. आपले पूर्वज कोणी शिंदे-होळकरांच्या फौजेबरोबर, कोणी गायकवाडांच्या दप्तरात, कोणी धर्मांतराच्या धास्तीने देव पाठीशी बांधून निघाले. मूळ गाव सोडून दोन-तीनशे वर्षे परमुलखात मराठी टिकवता येते, हे आपण सिद्ध केले आहे. तेव्हा निघणे म्हणजे मरणे नव्हे, हे आपण तोर्रेकरांना सांगू शकतो. पण आपल्यातला कोणी आज उठून इंदूर किंवा बडोदे सोडून मूळ गावी जाईल का? तिथे घर आहे, कुलदैवत आहे, भाऊबंद आहेत. तरी जाणार नाही. जिथे आपली तीन माणसे जाळली आहेत ते आपले गाव, असे माझे आजोबा म्हणत. या हिशेबाने तोर्रेकरांचे चुकते कुठे, हे मला दाखवता येत नाही. त्यांनी राहण्याबद्दल माझे काही म्हणणे नाही. घुटमळण्याबद्दल आहे.

पोर्तिचीचा दगड अजून जागेवर आहे. हमरस्त्याच्या कडेला, भिंतीला टेकून. समोरून मोटारी, स्कूटर जातात. लॅटिन वाचायला थांबणारा विरळा. तोर्रेत १८७८ मध्ये पोवळ्याच्या कोरीवकामाची शाळा निघाली होती. नाव आणि रूप बदलून ती आजही चालू आहे. भूमध्य समुद्रातले पोवळे आता फारसे उरलेले नाही, म्हणून कच्चा माल बराचसा पॅसिफिकमधून येतो. घडवतात मात्र तिथेच, त्या अर्ध्या बुडालेल्या मनोऱ्याच्या गावात. माळ आता माझ्या सुनेकडे आहे. गेल्या वर्षी ती गाठवायला काढली, तेव्हा पटवेकऱ्याचा नातू दुकानात होता. त्याने मणी उजेडासमोर फिरवला आणि आजोबांचेच वाक्य म्हटले.